दिवसाची वीज, रात्रीची झोप

कर्वेनगरमधील आमच्या परिचयाच्या एक काकू गेले दोन महिने रात्री दोनचा गजर लावून उठत होत्या. वय चौऱ्याहत्तर. काकांना फुप्फुसांचा जुना विकार. त्यांच्या उशाशी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर अहोरात्र चालू. काकू उठत त्या मात्र काकांसाठी नव्हे. उठायचे, वॉशिंग मशीन लावायचे, ते थांबेपर्यंत जागे राहायचे, कपडे वाळत घालायचे आणि पुन्हा पहाटे साडेचारला गिझर लावायला उठायचे. कारण विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, ‘‘अहो, रात्रीची वीज स्वस्त असते ना! आमचा मुलगा लंडनला आहे, तो सगळे रात्रीच लावतो.’’ आणि त्यापाठोपाठ जे म्हणाल्या ते अधिक काळजीचे होते. ‘‘हे नवे मीटर बसल्यापासून संध्याकाळी दर चढतात म्हणे. तेव्हा यांचे मशीन संध्याकाळी दोन-तीन तास बंद ठेवले तर चालेल का हो?’’

आरोग्याच्या पाक्षिकात विजेच्या दरांची चर्चा कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर काकूंच्या या दुसऱ्या वाक्यात आहे. गेल्या काही महिन्यांत याच आशयाची विचारणा अनेकांनी केली. कोणी पहाटेची अंघोळ अंधारातच उरकू लागले, कोणी रात्री फ्रिज बंद करू लागले. बिल कमी व्हावे ही इच्छा निवृत्तिवेतनावर चालणाऱ्या घरात अगदी रास्त आहे. परंतु ती चुकीच्या समजुतीवर उभी राहिली, तर पैसाही वाचत नाही आणि झोप जाते ती वेगळीच. म्हणून या वेळी हा हिशेब नीट मांडू.

रात्रीची वीज स्वस्त, ही समजूत निराधार नव्हती. कोळशावर चालणारे वीजकेंद्र रात्री बंद करून सकाळी पुन्हा सुरू करणे सोपे नसते. त्यामुळे गाव झोपले तरी वीज तयार होतच राहते आणि तिला गिऱ्हाईक हवे असते. इंग्लंडमध्ये १९७८ पासून ‘इकॉनॉमी सेव्हन’ नावाची पद्धत आहे. रात्रीचे सात तास वीज स्वस्त आणि त्या बदल्यात दिवसा काहीशी महाग. तिथे थंडी असल्यामुळे रात्रीच्या स्वस्त विजेवर विटा तापवून ठेवणारे हीटर घरोघरी बसले. काकूंचे चिरंजीव सांगतात ते त्यांच्या घरापुरते खोटे नसावे. आपल्याकडेही हे तत्त्व अपरिचित नव्हते. महाराष्ट्रातील कारखान्यांना अनेक वर्षे रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत प्रति युनिट दीड रुपयाची सवलत मिळत असे आणि सकाळी ९ ते १२ या वेळेत उलट जादा आकार भरावा लागे. भोसरी-चिंचवडच्या कारखान्यांत नोकरी केलेल्या अनेक वाचकांना हे आठवत असेल. सह्याद्रीतील घाटघर येथे तर २५० मेगावॉटचा असा प्रकल्प आहे, जिथे मागणी कमी असताना पाणी वरच्या धरणात चढवून ठेवतात आणि संध्याकाळी लोकांनी दिवे लावले की तेच पाणी खाली सोडून वीज करतात.

परंतु हे सर्व घड्याळ गेल्या काही वर्षांत फिरले. ते फिरवले सूर्याने. सौर वीज दिवसा विपुल होऊ लागली. शेतीपंपांनाही दिवसा सौर वीज देण्याची योजना राज्यात मोठ्या प्रमाणावर राबवली जात आहे. आता वीज उरते ती दुपारी. सूर्य मावळला आणि घराघरात दिवे, दूरचित्रवाणी, स्वयंपाकघर सुरू झाले की ती अपुरी पडते. म्हणून केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये वीजग्राहकांच्या हक्कांविषयीच्या नियमांत दुरुस्ती करून वेळेनुसार दर आकारण्याचे धोरण ठरवले. उन्हाच्या आठ तासांत दर कमी, मागणीच्या तासांत जास्त, असे त्याचे सूत्र आहे. त्यातूनच महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाच्या आदेशानुसार १ जुलै २०२५ पासून महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेत प्रति युनिट ८० पैसे सवलत लागू झाली. पुढील वर्षांत ती टप्प्याटप्प्याने वाढत एक रुपयापर्यंत जावी, असे त्या आदेशात आहे.

या सवलतीविषयी दोन गोष्टी नीट ध्यानात घ्याव्यात. ती केवळ नव्या स्मार्ट मीटरवर, म्हणजे ज्याला महावितरण ‘टीओडी मीटर’ म्हणते त्यावर मिळते. जुन्या मीटरला वेळ कळत नाही. महिन्याभरात एकूण किती वीज वापरली एवढेच ते सांगते. आपल्या घरी जुने मीटर असेल तर कोणते उपकरण केव्हा लावले, याने बिलात एका पैशाचाही फरक पडत नाही. दुसरी गोष्ट काकूंच्या प्रश्नाचे उत्तर आहे. या आदेशात घरगुती ग्राहकांना संध्याकाळचा जादा आकार नाही. तो कारखाने आणि व्यापारी ग्राहकांना आहे. आपल्या घरात संध्याकाळी सातचे युनिट आणि रात्री दोनचे युनिट सारख्याच दराचे. म्हणजे काकूंच्या दोन महिन्यांच्या जागरणाची कमाई शून्य रुपये झाली.

आता त्यांनी तेच यंत्र दुपारी लावले असते तर? पाणी गरम न करता कपडे धुणारे वॉशिंग मशीन एका वेळेस साधारण पाव युनिट वीज घेते. त्यावरची सवलत वीस पैसे. रोज लावले तरी महिन्याला सहा रुपये. गिझरचे थोडे बरे. पंधरा लिटरची टाकी तापवायला अर्धा ते पाऊण युनिट लागते. घरात दोघे असतील तर दिवसाला सव्वा युनिट धरा. अंघोळ सकाळी नऊनंतर केली तर दिवसाचा एक रुपया, महिन्याचे तीस रुपये. इस्त्री, मिक्सर, पाण्याचा पंप मिळून आणखी दहा-पंधरा. दोघांच्या घरात जेवढे काम दुपारकडे सरकवता येते तेवढे सगळे सरकवले, तरी हाती पन्नासच्या आसपास रुपये येतात. पन्नास रुपये नाकारू नयेत. परंतु त्यांच्यासाठी काय द्यायचे, हे आधी ठरवावे.

येथे आपल्या वयाचा एक फायदा आहे, जो तरुणांना नाही. नोकरदार कुटुंबाचे घर सकाळी ९ ते ५ या वेळेत बहुधा कुलूपबंद असते. त्यांना ही सवलत मिळवायची तर सुटीच्या दिवसाची वाट पाहावी लागते. आपण मात्र त्या वेळी घरातच असतो. पंखा, फ्रिज, दूरचित्रवाणी, उन्हाळ्यात कूलर, हे सर्व त्या तासांत चालूच असते आणि त्यावरची सवलत काही न करता आपोआप मिळते. त्यासाठी गजर लावावा लागत नाही.

मग बिल खरोखर कशाने वाढते? याचे उत्तर बिलाच्या कागदावरच छापलेले असते. आपण ते वाचत नाही, कारण आपली नजर देय रकमेवर आणि अंतिम तारखेवर थांबते. महावितरणच्या घरगुती दरांचे टप्पे आहेत. जुलै २०२५ च्या दरपत्रकानुसार वीज आणि वहन आकार मिळून पहिल्या १०० युनिटना प्रत्येकी सुमारे पावणेसहा रुपये, १०१ ते ३०० या टप्प्यात सुमारे साडेबारा रुपये, ३०१ ते ५०० मध्ये जवळजवळ सतरा, आणि त्यापुढे एकोणीसच्या वर. यावर १६ टक्के वीजशुल्क. स्थिर आकार वेगळा. तो वापर शून्य असला तरी द्यावाच लागतो. शिवाय इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो. दर बदलत असतात, तेव्हा हिशेब करताना आपल्या ताज्या बिलावरचे आकडे घ्यावेत.

एक गैरसमज येथेच दूर करतो. ३०० चे ३०१ युनिट झाले की सगळीच युनिटे महाग होतात, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. महाग होते ते फक्त ३०१ वे. आधीच्या युनिटना आधीचाच दर लागतो.

आता तुलना पाहा. १०१ ते ३०० या टप्प्यातले एक युनिट मुळी वापरलेच नाही, तर साडेबारा रुपये वाचतात. शुल्क धरले तर साडेचौदा. तेच युनिट रात्रीऐवजी दुपारी वापरले तर ऐंशी पैसे. याचा अर्थ असा, की एक युनिट कमी वापरणे म्हणजे जवळजवळ सोळा युनिटे दुपारकडे ढकलण्याइतके आहे. माझ्या मते या एका आकड्यापुढे वेळापत्रकाची सगळी चिंता फिकी पडते.

काकूंच्या घराचा हिशेब आम्ही कागदावर मांडला. पाच लिटर क्षमतेचा कॉन्सन्ट्रेटर साधारण ३०० वॉट वीज घेतो, काही त्याहून अधिक. चोवीस तास चालला तर दिवसाला सव्वासात युनिटे, महिन्याला २१६. उरलेले घर ११० च्या आसपास. एकूण ३२६. यातली २६ युनिटे सतरा रुपयांच्या टप्प्यात जात होती. काकूंचा डोळा घड्याळावर होता आणि पैसे जात होते ते या टोकाच्या २६ युनिटांत.

कॉन्सन्ट्रेटर संध्याकाळी तीन तास बंद ठेवला तर बिल कमी होईल का? होईल; खोटे कशाला सांगू? महिन्याला सत्तावीस युनिटे कमी होतील. पण ती कमी होतील उपचार कमी झाला म्हणून. संध्याकाळचा दर वाचला म्हणून नव्हे. आणि हा उपचार कमी करण्याचा अधिकार विजेच्या बिलाला नाही. घरी दीर्घकाळ ऑक्सिजन घेणाऱ्या रुग्णांना सामान्यतः दिवसातून किमान पंधरा तास तो द्यावा लागतो आणि त्यात झोपेचे तास धरलेले असतात, कारण झोपेत रक्तातील प्राणवायूची पातळी आणखी खाली जाते. किती तास आणि किती प्रवाह, हे छातीविकारतज्ज्ञ रक्ततपासणी आणि ऑक्सिमीटर पाहून ठरवतात. आपल्या रुग्णाला चोवीस तासांची खरोखर गरज आहे की सोळा तास पुरतात, हा प्रश्न डॉक्टरांना जरूर विचारावा. अनेक घरांत रुग्णालयातून घरी येताना जे सांगितले तेच वर्षभर चालू राहते आणि फेरतपासणी होतच नाही. डॉक्टरांनी तास कमी करण्यास सांगितले, तर बिलही उतरेल. आपण होऊन एक तासही कमी करू नये. रात्रीचा तर नाहीच.

झोपेत वापरायचे सीपॅप यंत्र, दम्याचे नेब्युलायझर, हवेची गादी यांना हेच लागू आहे. यांतली बहुतेक तुलनेने कमी वीज घेतात, हेही सांगून ठेवतो. इन्सुलिन असलेला फ्रिज रात्री बंद करणे हा तर दुहेरी तोटा. इन्सुलिनला २ ते ८ अंश तापमान लागते. आणि सकाळी गरम झालेला फ्रिज पुन्हा थंड होताना वाचवलेल्या विजेतील बरीचशी परत घेतो.

काकूंच्या घरातील २६ युनिटे मग कुठून काढली? छतावरून. त्यांच्याकडे दोन जुने पंखे होते, पूर्ण वेगात प्रत्येकी सुमारे ७५ वॉट घेणारे. हल्ली मिळणारे बीएलडीसी मोटरचे पंखे तेवढीच हवा ३० वॉटच्या आसपास देतात. एका पंख्यामागे ४५ वॉटची बचत, दिवसाचे बारा तास, दोन पंखे. महिन्याला बत्तीस युनिटे. ३२६ चे २९४ झाले. शुल्कासह सहाशे रुपयांच्या जवळपास फरक. पंखा साधारण अडीच-तीन हजारांना मिळतो, म्हणजे पंखे सतत चालणाऱ्या घरात दोन्हींचे पैसे वर्षाच्या आत वसूल होतात. पुण्याच्या थंडीत पंखे बंद असतात, म्हणून थोडा अधिक काळ धरा. हे पंखे रिमोटवर चालतात. अंथरुणातून न उठता वेग कमी-जास्त करता येतो. गुडघेदुखीच्या माणसाला बिलापेक्षा या सोयीचे अप्रूप अधिक वाटेल.

असेच लहान-सहान चोर घरात असतात. दूरचित्रवाणीचा सेट-टॉप बॉक्स रिमोटने बंद केला तरी भिंतीवरचे बटण चालूच राहते आणि तो दिवसरात्र आठ-दहा वॉट खात बसतो. महिन्याला सहा-सात युनिटे. दुपारपर्यंत चालू राहिलेला गिझर हा दुसरा. पाणी तापले की बंद करावा. त्याचा तापमानाचा खटका साठवरून पन्नास अंशांवर आणला तर वीज वाचतेच, शिवाय भाजण्याची भीती कमी होते. मधुमेहामुळे पायांची संवेदना मंदावलेल्या व्यक्तीला पाणी किती कढत आहे हे पुष्कळदा कातडी सोलवटल्यावर कळते. जुना फ्रिज किती खातो हे सांगणे कठीण. नवा घेताना मात्र त्यावरच्या ताऱ्यांच्या चिठ्ठीवर वर्षाला किती युनिटे लागतात हे छापलेले असते, ते तारे मोजण्याआधी वाचावे.

रात्रीच्या दिव्याविषयी मात्र माझा आग्रह आहे. काटकसरीच्या भरात शयनगृह ते न्हाणीघर या वाटेवरचा दिवा बंद करणारी घरे मी पाहिली आहेत. जुन्या ‘झिरो’च्या बल्बला नावाप्रमाणे शून्य वीज लागत नाही; तो बारा ते पंधरा वॉट घेतो, म्हणजे रात्रभर लावला तर महिन्याला साडेतीन युनिटांपर्यंत. तो काढून अर्ध्या वॉटचा एलईडी दिवा लावावा. त्याला महिन्याला एका युनिटाचा आठवा हिस्सा लागतो, दोन रुपयांहून कमी. खुब्याच्या हाडाच्या शस्त्रक्रियेचा खर्च ज्या घराने केला आहे त्यांना ही तुलना उलगडून सांगावी लागणार नाही. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे अंथरुणातून एकदम उठताच डोळ्यांपुढे अंधारी येते; अशा वेळी ओले कपडे हातात घेऊन रात्री दोन वाजता बाल्कनीत जाणे किती शहाणपणाचे, याचा विचार काकूंनीही केला नव्हता. शिवाय वॉशिंग मशीनसारखे यंत्र सर्वजण झोपले असताना चालू ठेवू नये. पाणी गळले वा तारा तापल्या तर पाहायला कोणी नसते.

अंघोळ नऊनंतर करावी की नाही? पुण्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटे दहा अंशांच्या खाली पारा जातो. हृदयविकार किंवा संधिवात असलेल्यांनी ऊन चढल्यावर अंघोळ करणे तब्येतीला केव्हाही बरे. त्यात तीस रुपये मिळत असतील तर दुधात साखर. परंतु अंघोळ झाल्याशिवाय न्याहारी न करण्याचा ज्यांचा नेम आहे आणि ज्यांची इन्सुलिनची वेळ न्याहारीशी बांधलेली आहे, त्यांनी तीस रुपयांसाठी हे वेळापत्रक हलवू नये. नेम थोडा सैल करता आला तर उत्तम; तो त्यांचा आणि देवाचा प्रश्न.

विजेचा गिझर महाग पडतो म्हणून काही जण गॅस गिझरकडे वळतात. तो बंद न्हाणीघराच्या आत बसवणे प्राणघातक ठरू शकते. ज्वलनातून निर्माण होणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस बेशुद्ध पडेपर्यंत काही कळत नाही. बसवायचाच तर तो न्हाणीघराबाहेर, मोकळ्या हवेत.

उन्हाळ्याविषयी एक सूचना आत्ताच करून ठेवतो. एप्रिल-मेमध्ये पुण्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि वयस्कर शरीराला तहान उशिरा जाणवते, घामही कमी येतो. त्या दिवसांत दुपारी कूलर बंद ठेवून बचत करणारे आजोबा नेमकी सवलतीच्या तासांतली वीज वाचवत असतात. साधा कूलर तासाला पाव युनिटाहूनही कमी घेतो. दुपारी बारा ते पाच तो खुशाल लावावा. वातानुकूलन यंत्र असेल तर २६ अंशांवर ठेवून सोबत पंखा चालू करावा. एका खोलीत सर्वांनी बसावे.

सोसायटीत राहणाऱ्यांनी हा विषय वार्षिक सभेत काढावा असे वाटते. जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांचे मीटर सामाईक असते. ते टीओडी मीटर असेल आणि पंप पहाटे सहाऐवजी नऊनंतर चालवता आला, तर पाच अश्वशक्तीचा पंप दिवसाला दोन तास चालतो असे धरून महिन्याला पावणेदोनशे रुपये वाचतात. कोणाचीही झोप न मोडता, केवळ वॉचमनला सांगून. गच्चीवर सौर पॅनेल बसवण्यासाठी ‘पीएम सूर्यघर’ योजनेत स्वतंत्र घराला तीन किलोवॉटपर्यंत ७८ हजार रुपयांचे अनुदान आहे आणि सोसायट्यांच्या सामाईक वापरासाठी वेगळी तरतूद आहे. तो मोठा विषय असून स्वतंत्र लेख मागतो.

पुणेकरांना गुरुवारचे दुरुस्तीचे खंड नवे नाहीत, पाण्याचेही आणि विजेचेही. ज्या घरी ऑक्सिजन यंत्र आहे तेथे भरलेले सिलिंडर आणि ते उघडण्याची किल्ली एकत्र ठेवावी, आणि ते उघडायला घरातील किमान दोघांना शिकवावे. वीज गेल्यावर ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत मेणबत्ती लावू नये, टॉर्च वापरावा. देवघरातील समईही त्या खोलीपासून दूर असावी. यंत्राची जाळी आठवड्याला धुवावी आणि ते भिंतीला चिकटवून ठेवू नये, म्हणजे हवा मोकळेपणी जाते. महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर खंडाची माहिती मिळते. ‘आज रात्री तुमची वीज तोडणार, या नंबरवर फोन करा’ अशा संदेशाला मात्र उत्तर देऊ नये. तो भामट्यांचा असतो आणि त्यांचा रोख प्रामुख्याने वयोवृद्धांवर असतो. बिल भरले आहे की नाही ते मुलांना किंवा शेजाऱ्यांना पाहायला सांगावे.

काकूंच्या घरी आता वॉशिंग मशीन सकाळी दहाला लागते. कपडे दुपारपर्यंत वाळतात, पूर्वी ते रात्रीच्या दमट हवेत सकाळपर्यंत ओलेच राहत. काकांच्या डॉक्टरांकडे फेरतपासणीची वेळ पुढच्या आठवड्यात घेतली आहे. तोवर यंत्र सांगितल्याप्रमाणे चोवीस तास चालू आहे. नवे पंखे बसले, त्यातल्या एकाचा रिमोट दोनदा हरवून सापडला. गजर काढला असला तरी रात्री दोनला काकूंना जाग येतेच, सवय सुटायला वेळ लागेल. जाग आली की त्या काकांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून पाहतात आणि पुन्हा पडतात.